ईमेल, फायली आणि हार्ड डिस्क : कुलूप कोणतं लावायचं?

शब्दखूण
मंडळी, मी घरी बसून भाषांतराची कामं करते. दावे, मृत्युपत्रं, दवाखान्याचे अहवाल असलं बरंच काही लोक विश्वासाने पाठवतात आणि ते माझ्या लॅपटॉपवर उघडंवाघडं पडलेलं असतं. आजवर त्याचा विचारच केला नव्हता.

गेल्या आठवड्यात एका नव्या वकीलबाईंनी ईमेलला एक फाइल जोडून पाठवली. "यापुढचे कागद एन्क्रिप्ट करूनच पाठवा, ही माझी पब्लिक की." उघडून बघते तर ओळीच्या ओळी नुसता चिखल. अक्षरं, आकडे, मध्येच बेरजेची चिन्हं. मला वाटलं फाइल बिघडली, म्हणून "कृपया पुन्हा पाठवा" असं कळवलं. त्यांनी पुन्हा तोच चिखल पाठवला. :)

मग दोन रात्री एन्क्रिप्शनबद्दल, म्हणजे चावीशिवाय वाचता येऊ नये असा मजकूर करण्याबद्दल, वाचत बसले. आता डोक्यात पीजीपी, व्हेराक्रिप्ट, बिटलॉकर, सेव्हन-झिप सगळ्यांनी एकदम कालवा मांडलाय. प्रश्न साधा आहे : ईमेल, फायली आणि हार्ड डिस्क, तिन्हीसाठी चालेल असं एकच सॉफ्टवेअर कोणतं? माझा लॅपटॉप विंडोजचा, नवऱ्याचा मॅक, आणि बॅकअपची बाहेरची डिस्क दोघांत मिळून एक. फुकट असेल तर सोन्याहून पिवळं.

भुंगा
वाचतोय.

चावीवाला_काका
शब्दखूण, एकच सॉफ्टवेअर शोधत बसू नका, मिळणार नाही. तीन वेगळी कामं आहेत.

डिस्कचं कुलूप हे मशीन बंद असताना चोरीला गेलं किंवा हरवलं तर त्यासाठी. मशीन चालू करून तुम्ही आत शिरलात की ते उघडलेलं असतं. फाइलचं कुलूप हे ती फाइल तुमच्या मशीनबाहेर जाणार असेल तेव्हा. ईमेलचं कुलूप म्हणजे लाखेने बंद केलेलं पाकीट, वाटेतल्या सर्व्हरांना आतलं दिसू नये म्हणून.

पहिल्यासाठी काही उतरवून घ्यायची गरज नाही. विंडोजमध्ये बिटलॉकर आहे. होम आवृत्ती असेल तर सेटिंगमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' नावाने त्याचाच धाकटा भाऊ सापडेल, तुमचं हार्डवेअर त्याला चालत असेल तर. मॅकवर फाइलव्हॉल्ट. २०११ पासून तो अख्खी डिस्क घेतो, आधी फक्त घरचा फोल्डर घ्यायचा. लिनक्सवाल्यांना लक्स. दोघांत मिळून असलेल्या डिस्कसाठी मात्र व्हेराक्रिप्ट, कारण ती विंडोज आणि मॅक दोन्हीकडे उघडली पाहिजे. मॅकवर त्यासोबत मॅकफ्यूजसारखं पूरक सॉफ्टवेअर घालावं लागतं, आणि आत एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा म्हणजे दोघांना लिहिताही येईल.

ईमेलबद्दल सवडीने लिहितो. ते प्रकरण लांब आहे.

उंटावरून
एवढा खटाटोप कशाला म्हणतो मी? विंडोजला पासवर्ड आहे ना? झालं की.

नितळ
@उंटावरून, मलाही असंच वाटायचं. मग जुना लॅपटॉप मेला. मदरबोर्ड गेला होता, डिस्क धड होती. मागचे स्क्रू काढले, डिस्क बाहेर ओढली, यूएसबीच्या डबीत बसवली आणि दुसऱ्या मशीनला लावली. पासवर्ड कुणी विचारला नाही. 'तुम्हाला या फोल्डरची परवानगी नाही' असं एकदा आलं, त्यावर 'पुढे चला' म्हटलं आणि माझी सगळी पत्रं, फोटो, पासपोर्टची स्कॅन केलेली प्रत समोर. पंधरा मिनिटंसुद्धा लागली नाहीत, त्यातली दहा स्क्रू शोधण्यात गेली.

तेव्हा आनंद झाला. रात्री अंथरुणात पडल्यावर भीती वाटली.

उंटावरून
हम्म. उतरतो.

तिसरा_डोळा
काकांशी अर्धा सहमत. ज्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, उघडा नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? बिटलॉकर आतून काय करतं हे तुम्हाआम्हाला दिसत नाही. शिवाय मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलंत तर होम आवृत्तीत तुमची रिकव्हरी की त्याच खात्यात जाऊन बसते. म्हणजे कुलूप तुमचं आणि दुसरी चावी कंपनीकडे. मी सगळीकडे फक्त व्हेराक्रिप्ट वापरतो, सिस्टीमच्या डिस्कलासुद्धा.

गणपुले_नव्हे
@तिसरा_डोळा, सोर्स उघडा असणं चांगलंच, पण तेवढ्याने काम भागत नाही. डिस्क बंद करणाऱ्या जुन्या ट्रूक्रिप्टची गोष्ट आठवा. सोर्स उघडा होता, पण लिहिणारे कोण हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मे २०१४ मध्ये अचानक त्यांच्याच पानावर 'हे वापरणं सुरक्षित नाही' अशी पाटी लागली आणि खाली सल्ला काय, तर बिटलॉकर वापरा! जगभर अफवांचं पीक आलं. स्वतंत्र तपासणी तेव्हा चालूच होती, ती २०१५ मध्ये पुरी झाली आणि तिच्यात मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा काही सापडला नाही. लोक मात्र तोवर पांगले. व्हेराक्रिप्ट हा त्याच कोडवरून २०१३ मध्ये निघालेला फाटा, २०१६ मध्ये त्याचीही तपासणी झाली, चुका निघाल्या आणि बऱ्याचशा लगेच दुरुस्त झाल्या.

मला विचाराल तर सॉफ्टवेअर निवडताना दोनच गोष्टी बघाव्यात. कुणी त्रयस्थाने तपासलंय का, आणि त्याची डागडुजी अजून चालू आहे का. आतलं गणित सगळ्यांचं जवळपास सारखंच असतं. जो तो एईएस ही कूटपद्धत वापरतो, आणि ते २००१ पासून सरकारी मानक म्हणून जगासमोर उघडं पडलेलं आहे. 'आमची गुप्त पद्धत' अशी जाहिरात दिसली की उलट पावली फिरावं.

तिसरा_डोळा
डागडुजीचा मुद्दा मान्य. चावीचा मुद्दा सोडणार नाही.

चावीवाला_काका
डोळेसाहेब, तुमचा मुद्दा खोटा नाही, पण शब्दखूण यांना भीती कोणाची आहे ते आधी विचारा. लॅपटॉप रिक्षात विसरणं, घरफोडी, दुरुस्तीला दिलेलं मशीन. यातल्या कुणाकडे त्या कंपनीच्या खात्याची चावी असणार आहे? एखादं सरकार मागे लागलं असेल तर गोष्ट वेगळी, मग हा धागाही त्यांनी उघडायला नको होता.

खवचट_खान
काका, शब्दखूण गुप्तहेर असतील तर? 'भाषांतर' म्हणजे सांकेतिक शब्द असेल.

शब्दखूण
हाहा. पोटापाण्याचं भाषांतर हो. माझी भीती म्हणजे लॅपटॉप हरवणं, आणि ज्यांचे कागद आहेत त्यांना तोंड दाखवायला जागा न उरणं. बाकी काही नाही.

गहाळ
माझी कर्मकहाणी ऐका मग.

बाहेरची डिस्क अख्खी व्हेराक्रिप्टने बंद केली होती. दहा वर्षांचे फोटो आत. दोनेक वर्षांपूर्वी एका रात्री दुसऱ्याच मशीनला लावली. एक चौकट आली, 'ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणं आवश्यक आहे. फॉरमॅट करायची का?' फोनवर बोलत होतो. हाताने 'हो' दाबलं. दोन सेकंदांत काम तमाम. मशीनची चूक नाही. कूटबद्ध डिस्क बाहेरून बघणाऱ्याला निव्वळ कचरा दिसते, त्याला वाटणारच कोरी आहे.

त्यानंतर बरोबर पासवर्ड घातला तरी 'चुकीचा पासवर्ड'. चोर बाजूलाच राहिला, मीच माझं घर लुटलं. डिस्क खणात टाकली ती अजून तिथेच आहे. तेव्हापासून एन्क्रिप्शन या शब्दाला नमस्कार.

गणपुले_नव्हे
@गहाळ, थांबा थांबा! त्यानंतर त्या डिस्कवर काही लिहिलंत का? आणि ती फिरत्या तबकडीची आहे की एसएसडी?

गहाळ
काहीच लिहिलं नाही, रागाने बघतसुद्धा नाही तिच्याकडे. जुनी, तबकडीची. घुर्रघुर्र करणारी.

गणपुले_नव्हे
मग आशा आहे. तुमच्या पासवर्डने थेट डेटा उघडत नाही. पासवर्डने हेडर उघडतं आणि खरी चावी त्या हेडरात असते. हेडर डिस्कच्या सुरुवातीला. झटपट फॉरमॅटने तेच पुसलं, म्हणून बरोबर पासवर्डही चुकीचा ठरला. पण व्हेराक्रिप्ट त्या हेडरची एक प्रत डिस्कच्या पार शेवटाकडे ठेवतं. टूल्समध्ये 'रिस्टोअर व्हॉल्यूम हेडर' आहे, त्यात व्हॉल्यूममध्येच साठवलेली प्रत वापरा असा पर्याय निवडा.

जमलं तर आधी सगळ्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढा आणि त्या नकलेवर प्रयोग करा. आणि जीर्णोद्धार झालाच तरी आतली फाइलसिस्टीम थोडी ओरबाडलेली असेल. डिस्क माउंट झाल्यावर, म्हणजे उघडून जोडली गेल्यावर, पुसलेल्या फायली शोधणारं फोटोरेकसारखं काही चालवून बघा. एसएसडी असती तर इतक्या खात्रीने बोललो नसतो. तिथे फॉरमॅट करताना ट्रिम होतं आणि मग पुसलेलं बहुधा कायमचं जातं.

गहाळ
हे मला दोन वर्षांत कुणी सांगितलं नाही. शनिवारी बसतो.

गुमनाम_हवालदार
आता ईमेलवर येऊ द्या की. काका 'सवडीने' म्हणून पसार झाले.

चावीवाला_काका
आलो. वकीलबाईंनी पाठवलेला चिखल म्हणजे ओपनपीजीपीची (पीजीपीवरून निघालेल्या खुल्या मानकाची) पब्लिक की. मूळ पीजीपी फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये काढलं. ते परदेशात पसरलं म्हणून अमेरिकेत त्यांच्यावर चौकशी लागली, कारण तिथल्या तेव्हाच्या कायद्यात असं सॉफ्टवेअर दारूगोळ्याच्या यादीत बसायचं! छापील पुस्तकाला मात्र तशी बंदी नव्हती, म्हणून अख्खा सोर्स कोड पुस्तक करून छापला. १९९६ मध्ये चौकशी गुंडाळली. फुकटातलं ग्नूपीजी १९९९ चं.

तुमच्यासाठी सोपा रस्ता थंडरबर्ड हा मेल प्रोग्रॅम. २०२० मधल्या ७८व्या आवृत्तीपासून ओपनपीजीपी त्यात अंगभूत आहे, वेगळं काही जोडावं लागत नाही. स्वतःची चाव्यांची जोडी तयार करा, त्यांची पब्लिक की आयात करा, तुमची त्यांना पाठवा. पब्लिक की म्हणजे उघडं कुलूप समजा. त्यांनी त्यांचं कुलूप तुम्हाला दिलंय. तुम्ही त्यात कागद घालून खटका दाबायचा, तो उघडायची चावी फक्त त्यांच्याकडे. एकदा दाबला की तुम्हालाही उघडता येत नाही. म्हणून मेल प्रोग्रॅम तुमच्या स्वतःच्या कुलपातही एक प्रत ठेवतो, नाहीतर स्वतःचं पाठवलेलं पत्र स्वतःला वाचता आलं नसतं.

तिसरा_डोळा
ईमेलला पीजीपी म्हणजे बैलगाडीला चिलखत. आतला मजकूर झाकला जातो, पण कुणी कुणाला कधी लिहिलं ते उघडंच. विषयाची ओळही उघडी. चावी उद्या चोरीला गेली तर गेल्या दहा वर्षांची पत्रं एका झटक्यात वाचता येतात. वर २०१८ मधलं ईफेल प्रकरण आठवा, एचटीएमएल मेलमधून उलगडलेला मजकूर बाहेर पाठवता येत होता. लपवाछपवीचं बोलायचं असेल तर सिग्नल हे मेसेजचं अ‍ॅप वापरा आणि मोकळे व्हा.

मेघमाला
थोडी दुरुस्ती. थंडरबर्ड आता विषयाची ओळही झाकतं, बाहेर नुसती तीन टिंबं दिसतात. समोरच्याचा प्रोग्रॅम जुना असेल तर त्याला मात्र तीन टिंबांच्याच विषयाची शंभर पत्रं दिसत राहतात. आमच्या साहेबांनी मला फोन करून विचारलं होतं, "तुम्ही नाराज आहात का?" :D

बाकी सिग्नलचं खरं आहे, पण वकिलांना कागद ईमेलच्या फाइलीत लावून ठेवायचे असतात. गिऱ्हाईक म्हणेल ते.

उंटावरून
मी तर झिप करून पासवर्ड लावतो आणि पासवर्ड लगेच पुढच्या ईमेलमध्ये पाठवतो. चालतं की.

नितळ
उंटावरून, पुन्हा चढलात?

मेघमाला
@उंटावरून, कुलूप आणि चावी एकाच पाकिटात. पासवर्ड फोनवर सांगा किंवा निदान दुसऱ्या मार्गाने पाठवा.

आणि झिप-झिपमध्येही फरक आहे. जुन्या झिपची जी मूळ पद्धत आहे ती कच्ची आहे, १९९४ मध्येच फोडून दाखवलीय. आतल्या फाइलचा थोडासा मजकूर आधीच ठाऊक असला की बाकीचं उलगडतं. सेव्हन-झिपमध्ये एईएस-२५६ निवडा. त्यातही झिपऐवजी सेव्हन-झेड घ्या, कारण त्यात 'फाइलनावंही एन्क्रिप्ट करा' अशी चौकट आहे. तिच्यात टिक केली नाही तर पासवर्ड न घालताही आतली यादी दिसते. 'अमुक_यांचे_मृत्युपत्र_मुलाला_वगळून_अंतिम' असं नाव असेल तर आतलं वाचायची गरज कुणाला?

शब्दखूण
अरे देवा. माझी नावं अगदी अशीच असतात.

रानवारा
फायली क्लाउडवर ठेवत असाल तर क्रिप्टोमेटर बघा. व्हेराक्रिप्टचा कंटेनर म्हणजे एकच मोठी फाइल. आत एक स्वल्पविराम बदलला तरी काही सेवा अख्खी फाइल पुन्हा चढवतात. क्रिप्टोमेटर प्रत्येक फाइल सुटी बंद करतं, नावांसकट, त्यामुळे बदललेली तेवढीच जाते.

खवचट_खान
पासवर्डबद्दल कुणी बोलेना. मी माझ्या आवडत्या अभंगाची ओळ ठेवलीय. सांगू का कोणती?

गणपुले_नव्हे
सांगू नका आणि बदला. प्रसिद्ध ओळी फोडणाऱ्यांच्या यादीत आधीपासून असतात. फासे घ्या. पाच वेळा टाकले की एक आकडा, त्या आकड्याचा शब्द यादीतून उचलायचा. यादीत ७७७६ शब्द, सहाचा पाचवा घात. एका शब्दामागे साधारण १२.९ बिट (ओळखायला किती अवघड त्याचं माप), सहा शब्द घेतलेत तर ७७ च्या आसपास. शब्द फाशांनी निवडले पाहिजेत, मनाने नाही. मन फार लबाड असतं, सारखं मांजराचं नाव सुचवतं.

आणि आपल्या लोकांसाठी खास : पासवर्ड देवनागरीत ठेवू नका. व्हेराक्रिप्टने सिस्टीमची डिस्क बंद केली तर सुरुवातीच्या काळ्या पडद्यावर अमेरिकन कळफलकच असतो, तिथे 'ळ' कुठून आणणार? इतरत्रही एकच जोडाक्षर दोन मशीनवर आतून वेगळं लिहिलं जाऊ शकतं. मराठी शब्द रोमनमध्ये लिहा. मात्र दीर्घ 'ई'ला एक ई की दोन, ते आधीच ठरवा, नाहीतर माझ्यासारखे तीन दिवस 'पाणी' निरनिराळ्या प्रकारे लिहीत बसाल.

गुमनाम_हवालदार
रिकव्हरी कीवर माझा किस्सा. ४८ आकड्यांची असते, सहा-सहाचे आठ गट. (अवांतर : प्रत्येक गटाला अकराने भाग जातो, म्हणून आकडा चुकीचा टंकला तर लगेच कळतं.) मी ती जपून सेव्ह केली. कुठे? त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर. पुढे बायॉस अपडेट केलं, निळा पडदा आला आणि की मागायला लागला. अर्धा दिवस जीव टांगणीला. शेवटी खात्यात सापडली, तिसरा_डोळा ज्याच्यावर चिडलेत त्याच खात्यात.

तिसरा_डोळा
:( ठीक आहे. लॅपटॉपचं झाकण मिटवून चोराला देऊ नका एवढं तरी लिहू द्या. झोपलेल्या मशीनच्या मेमरीत चावी जागीच असते. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८ मध्ये मेमरीच्या चिपा गार करून त्यातून चाव्या काढून दाखवल्या होत्या. प्रवासात पूर्ण बंद करा.

भुंगा
वाचतोय. वाखुसा (वाचनखूण साठवली).

गहाळ
मंडळी, शनिवारची रात्र, पावणेदोन वाजलेत.

नक्कल काढायला सात तास लागले. हेडर परत आणलं, जुना पासवर्ड घातला आणि 'चुकीचा पासवर्ड' आलं नाही! डिस्क माउंट झाली. फोल्डर एकही नाही, पार सपाट. मग फोटोरेक लावलं. आकडा वाढत चाललाय, आता चार हजारांच्या वर फोटो. सगळ्यांची नावं 'एफ' आणि पुढे लांबलचक आकडे, कुठला कधीचा पत्ता नाही. उघडला त्यातला एक, आईचा निघाला. चष्मा कपाळावर ढकललेला.

गणपुले_नव्हे, दंडवत.

गणपुले_नव्हे
डोळे पुसून आधी त्या फोटोंच्या दोन प्रती करा. आणि यापुढे हेडरची एक प्रत वेगळ्या जागी. अख्ख्या डिस्कऐवजी कंटेनर फाइल केलीत तर ती फॉरमॅटची चौकटही येणार नाही.

शब्दखूण
गहाळ, वाचून फार बरं वाटलं. तुमच्यामुळेच आमच्या दोघांच्या डिस्कवर कंटेनर केला, वर 'फॉरमॅट करू नये' अशी चिठ्ठी चिकटवली. कंटेनर आणखी एका डिस्कवर उतरवून ती बहिणीकडे ठेवली. लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आधीपासूनच चालू निघालं! कुणी केलं, कधी केलं, काही कल्पना नाही. रिकव्हरी की खात्यात होती, ती कागदावर छापून घेतली. म्हणजे मी इतके दिवस बिनकुलपाची नव्हतेच, फक्त चावी कुठे आहे ते माहीत नव्हतं.

ईमेलचं : थंडरबर्ड घातलं, चाव्या केल्या. वकीलबाई म्हणाल्या, फिंगरप्रिंट, म्हणजे कीची छोटी ओळखखूण, फोनवर जुळवून घेऊ, म्हणजे ही की खरंच माझी आहे, वाटेत कुणी बदललेली नाही, याची खात्री होईल. चाळीस खुणा. आकड्यांचं ठीक होतं, पण बी, डी, ई, सी फोनवर सगळे एकसारखे ऐकू येतात. तिसऱ्यांदा चुकल्यावर त्या म्हणाल्या, "बालवाडीवर येऊ." मग बदकातला बी, डमरूतला डी, सशातला सी, एडक्यातला ए असं करत शेवटपर्यंत पोचलो. नवरा शेजारच्या खोलीतून डोकावून गेला.

आणि गंमत पुढेच. एवढं झाल्यावर त्या म्हणाल्या, "मोठे दस्त मात्र सेव्हन-झेड करून पाठवा हं, पासवर्ड फोनवर सांगा. आमच्या ऑफिसात पीजीपी मला एकटीलाच येतं."

तिसरा_डोळा
बैलगाडी. चिलखत. म्हटलं होतं.

भुंगा
मंडळी, वाचून झालं. काल माझ्या लॅपटॉपवर बिटलॉकर चालू केलं, रिकव्हरी की वहीच्या पानावर सुवाच्य अक्षरात उतरवली, अकराने भागूनही बघितली. आता ते पान ठेवायचं कुठे? लॅपटॉपच्या बॅगेत एक छान चोरकप्पा आहे.

चावीवाला_काका
भुंगा, नाही!!!